तुळसाबाईचं शिकाऊ लायसन

आर्णीजवळून, मार्चच्या शेवटच्या उन्हातून

चि. धर्मपालले तुया तुळसाताईचे आशीर्वाद अन् सप्रेम जयभीम. मायले माया पाया पडणं सांगजो, अन् उजव्या बाजूनं जवळ जाऊन सांगजो, डाव्या कानानं तिले ऐकू येत नाही अन् मंग ती म्हणते की पोरीनं आठवणच काढली नाही. तिचा गुडघा कसा आहे? तेल मी तुया भाचीच्या, रुपालीच्या हातानं पाठवलं होतं ते लावते का देवळीत ठेवून देते, हे भावजयीले विचारून लिहिजो, मायले विचारू नको, ती खोटं सांगते. तुया शाळेच्या बसची तब्येत विचारत नाही, कारण ती तू मायच्या आधी सांगतं.

इकडं आम्ही मजेत आहो. म्हणजे मी मजेत आहो, तुये भाऊजी रुसून आहेत. ते काहून रुसले ते या पत्रात मधात कुठंतरी येईन. पत्र कायले लिहिलं ते मात्र एकदम शेवटी येईन, म्हणून अर्धं वाचून खिशात घालून बस धुवायले जाऊ नको. अन् फोन असताना पत्र कायले, असंही तू म्हणशीन. फोनवर तू ‘हाव ताई, हाव ताई’ म्हणत राह्यतं अन् दुसऱ्या हातानं बसची काच पुसत राह्यतं (मले पुसण्याचा आवाज येते). शेवटी तुले एवढंच समजते की ताईचा फोन आलता. पत्राच्या मधात तुले हाव म्हणता येत नाही, हा पत्राचा मोठा फायदा आहे.

मागच्या जयंतीची गोष्ट तुले आठवत असन. नसन आठवत तं मी आठवण देतो, मले पाठ आहे. मायं लग्न झालं तवापासून चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी तू मले न्यायले येतं. आधी बाबाच्या सायकलवर येत होता, मंग मोटारसायकलवर आला, अन् मी दरसाली मांडीवर पिशवी घेऊन तुया मागं बसून माहेरी आली. मागच्या साली तुयी बस लग्नाच्या वऱ्हाडाले लागली अन् मालकानं तुले सोडलं नाही. त्यात तुयी काही चूक नव्हती. तुये भाऊजी म्हणे, कायले चिंता करतं, उद्या मी नेतो. दुसऱ्या दिवशी म्हणे दुपारून निघू. दुपारी म्हणे ऊन उतरू दे. ऊन उतरलं तं म्हणे आता जाऊन काय करतं, रॅली निघाली असन. एसटीनं एकटी निघावं म्हणलं तं लग्नसराई, गाडीत पाय ठेवायले जागा नाही, अन् यवतमाळले उतरून राळेगावची गाडी भेटली तरी फाट्यापासून गाव पायीच. मी पांढरी साडी नेसून, पिशवी भरून ओट्यावर बसून राह्यली. रॅली आमच्या इथंही निघते, मी गेली, वंदना घेतली, खीर वाटली. पण मायच्या बाजूले उभं राहून वंदना म्हणणं वेगळं असते. ती मधातच शब्द विसरते अन् मी मोठ्यानं म्हणतो, असं आमचं दोघींचं ठरलेलं आहे. मागच्या साली तिले कोणी सांगतलं असन? मले लय वाईट वाटलं, धर्मपाल. (हा टोमणा नाही. उलीसा आहे.)

तवाच मी ठरवलं की पुढच्या साली कोणाचं तोंड पाहायचं नाही. रुपाली नागपूरले दवाखान्यात नर्स म्हणून लागली तवापासून तिची स्कूटी अंगणात उभीच होती. तुये भाऊजी तिच्या हँडलले दोर टांगत, सीटवर सोयाबीनचं पोतं ठेवत, अन् मागच्या जागेवर एका कोंबडीनं आपला संसार मांडला होता. मी कोंबडीले टोपल्यात हलवलं, गाडी पुसली, अन् हरभरा निघाल्यावर रिकाम्या वावरात शिकायले लागली. पहिल्या दिवशी मले चालवता आली पण थांबवता आली नाही, तं कुटाराच्या ढिगात जाऊन थांबली, डोक्यापर्यंत भुसा. दुसऱ्या दिवशी थांबवता आली पण चालवता आली नाही. मंग हळूहळू दोन्ही जमलं. आता मी आठ काढतो, वळतो, अन् ढिगाच्या उलीसं आधी थांबतो. पाय टेकवत नाही. विमलताई बांधावर उभी राहून पाहे. (विमलताई म्हणजे आमची शेजारीण, जिच्याकडचं विरजण दरवेळी संपलेलं राह्यते.) तिनं मायबाई म्हणून तोंडाले पदर लावला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायले आली.

तुये भाऊजी म्हणे, जमलं ना आता, मंग जाय खुशाल, कोण विचारते? त्याईचं ठीक आहे. ते तीस-एक साल मोटारसायकल बिनलायसनची चालवून राह्यले. पोलीस कोण्या वारी कुठं उभे राह्यतात, कोण्या पानठेल्यावरून ते दिसतात, कोण्या वावराच्या धुऱ्याबांधावरून गाडी काढली की नाका चुकते, याचा त्याईचा अभ्यास आहे. अगदीच सापडायची वेळ आली तं उतरतात अन् गाडी ढकलत नेतात, कारण ढकलणाऱ्याले लायसन लागत नाही म्हणे. यवतमाळले एक डाव दवाखान्यात गेलतो आम्ही, तं अर्धं शहर मी त्याईच्या मागं पायी अन् ते गाडीच्या बाजूनं पायी. दवाखान्यातला डॉक्टर म्हणे बाईले इतला घाम काहून आला.

मी म्हणलं, मले असं जमणार नाही. ज्यानं आपल्याले कायद्यानं उभं राहायले शिकवलं, त्याच्या जयंतीले मी पोलिसाले पाहून धुऱ्यावरून लपतछपत येऊ काय? यावर गाड्याईचा कायदा वेगळा अन् संविधान वेगळं, असं तुये भाऊजी मले समजावून सांगायले लागले. मी म्हणलं, तुम्ही दोन्ही वाचले नाही, मंग फरक तुम्हाले कसा समजला? तवापासून त्याईच्या रुसण्याची सुरुवात झाली, पण ती सुरुवातच होती.

रुपालीनं फोनवर प्रश्नाईचं पुस्तक पाठवलं. सारं मराठीत, चित्रं काढून. मी भाकरी थापता थापता फोन डब्याले टेकवून वाचू लागली. तुले सांगतो, दिसते तितलं कठीण नाही. लाल गोल पाटी म्हणजे सासू, नाही म्हणलं की नाही, काहून म्हणून विचारायचं नाही. लाल तिकोन म्हणजे माय, जाय म्हणते पण पुढं वळण आहे, सांभाळून जाय. अन् निळी पाटी म्हणजे आपल्याच घरची, इथं दवाखाना आहे, इथं पेट्रोल आहे, इथं जेवायले भेटते. असं लावलं तवा साऱ्या पाट्या एका दुपारीत पाठ झाल्या. (भाकरी दोन जळल्या. त्या तुया भाऊजींनी खाल्ल्या अन् काही बोलले नाही, तवा मले समजलं की रुसवा वाढून राह्यला.) हॉर्नचं मात्र मले अजून नीट समजलं नाही. पुस्तक म्हणते दवाखान्याजवळ हॉर्न वाजवू नको, अन् समोरचा ट्रक मागच्या पाटीवर म्हणते वाजवल्याशिवाय पुढं जाऊ नको. मंग ट्रकच दवाखान्याजवळ उभा असला तं माणसानं काय करावं? हे तू मले सांगजो, तू मोठ्या गाडीचा माणूस.

पण मी अडकली ती पुलावर. आमच्या नाल्यावरचा पूल तुले माहीत आहे, एकावेळी एकच गाडी जाते. पुस्तकात प्रश्न असा की अरुंद पुलावर समोरून गाडी आधीच शिरली असन तं तुम्ही काय कराल. आता आमच्या इथं काय करतात? दोघंही शिरतात. मधात येऊन दोघंही गाडी बंद करतात. मंग पाहुणे कोणीकडचे, असं विचारतात. दोघाईतला जो गावाचा जवाई निघते तो पुढं जाते अन् दुसरा मागं सरते. जवाई कोणीच नसला तं वयानं मोठा पुढं. अन् दोघंही जवाई निघाले तं कोणीच मागं सरत नाही, बाजूच्या घरून पुलावर चहा येते. किती सालापासून हे सुरळीत चालू आहे, एक भांडण नाही. पण पुस्तकात उत्तराईच्या चार जागा, अन् चारीत जवाई नाही. मी दरवेळी तो प्रश्न चुकवे. फोन लाल होऊन चूक म्हणे. मी फोनले म्हणलं, तू जवाईले मागं सारून पाय, मंग समजन तुले गावात राहणं काय असते. शेवटी रुपालीनं फोनवर समजावलं की आई, कायदा नातं विचारत नाही, जो आधी शिरला तो आधी, मंग तो जवाई असो का कोणी असो. मले ते एकदम आवडलं. बाई असो का माणूस असो, लहान असो का मोठी, आधी आली ती आधी. असं आपल्याले कोण म्हणलं होतं आतापर्यंत? तवापासून मी तो प्रश्न एकदाही चुकवला नाही.

आजकाल परीक्षा घरीही देता येते. फोनसमोर बसायचं, फोन आपला चेहरा पाहत राह्यते, प्रश्न येतात, बोटानं उत्तर दाबायचं. मी नेसून-सवरून अंगणात खुर्चीवर बसली. सारं मस्त चाललं होतं. मंग एक प्रश्न आला की गाडी कुठं उभी करू नये. मी उत्तर दाबायले बोट उचललं, अन् तुये भाऊजी, जे सकाळपासून मायाशी बोलत नव्हते, ते मागून मान घालून म्हणाले, ‘दारूच्या दुकानासमोर.’ फोनले दोन चेहरे दिसले. फोननं परीक्षा बंद केली. मी फोन उलटा ठेवून त्याईच्याकडं वळली, तं ते बैलाले पाणी पाजायले गेले. बैल आमच्याकडं दोन सालापासून नाही.

मंग घरचा नाद सोडला. तालुक्याले शिबिर लागलं तवा तिथं जाऊन कॉम्पुटरवर द्यायचं ठरवलं. मी म्हणलं, तुम्हीही चला, दोघंही बसू. त्याईले वाटलं मी माफी मागून राह्यली. गावात साऱ्याईले सांगून आले की बाईच्या संगतीनं मीही कागद करून घेतो, तीस सालाचा अनुभव आहे, नुसता अंगठा लावायचा राह्यला. चाळीसच्या वरच्या माणसाले डॉक्टरचा दाखला लागते. डॉक्टरनं दुरून अक्षरं वाचायले सांगितले. मी वाचले. तुये भाऊजी म्हणे मले आधीच पाठ आहेत, तिनं आताच मोठ्यानं वाचले. डॉक्टरनं दुसरा तक्ता लावला.

शिबिरात कॉलेजची पोरंपोरी, अन् मधात आम्ही दोघं, वऱ्हाडाले आल्यासारखे. मी कॉम्पुटरसमोर बसली अन् सवयीनं मोठ्यानं वाचू लागली. लाल तिकोन, आत दोन पोरं, पुढं शाळा आहे, सावकाश जाय. बाजूची सारी लाईन मायं ऐकून उत्तर दाबू लागली. साहेब येऊन म्हणे, मावशी, मनातल्या मनात. माणूस चांगला होता, हसून म्हणला. मंग मी मनातल्या मनात दिली. पूल आला. मी आधी शिरलेल्याले आधी जाऊ दिलं. रुग्णवाहिका आली, तिले बाजूले होऊन वाट दिली. घाटात चढणाऱ्याले आधी जाऊ दिलं. अन् एक प्रश्न असा होता की शिकाऊ लायसनवाल्यानं गाडी चालवताना संगतीनं कोण पाह्यजे. मी खटकन उत्तर दाबलं, पक्कं लायसन असलेला माणूस. एकदम बरोबर. मले स्वतःचं लय कौतुक वाटलं. त्या कौतुकात मी त्या प्रश्नाचा अर्थ लक्षात घेतला नाही, हे पुढं येईन.

मी पास झाली. दोन प्रश्न चुकले, ते धुराच्या दाखल्याचे होते, जाऊ दे. तुये भाऊजी अजून बसूनच होते. त्याईच्या कॉम्पुटरवर पूल आला होता अन् ते साहेबाले विचारत होते की समोरच्या गाडीत कोण आहे ते आधी सांगा, मंग उत्तर देतो. साहेब म्हणे कोणीही असो. हे म्हणे असं कसं कोणीही, माणूस पाहून ठरवा लागते. पोलिसानं हात दाखवला तं काय कराल, या प्रश्नाच्या चारही उत्तरात ‘ओळख काढीन’ नव्हतं. लाल दिव्याचा प्रश्न आला तवा म्हणे आमच्या गावात दिवाच नाही, जे पाह्यलं नाही त्याचं खोटं उत्तर कायले देऊ. धर्मपाल, तुये भाऊजी नापास झाले. तीस साल गाडी चालवलेला माणूस नापास, अन् कुटाराच्या ढिगात जाणारी बाई पास. एसटीत बसून येताना ते खिडकीतून बाहेर पाहत राह्यले. मी त्याईले शेंगदाणे दिले, ते घेतले, पण माया पदराकडं पाहून घेतले, तोंडाकडं नाही. मले हसू येत होतं अन् वाईटही वाटत होतं. चांगला माणूस आहे रे, फक्त त्याईले कोणी कवाच काही विचारलं नव्हतं.

गावात बातमी आमच्या आधी पोहोचली. मी रेडियमवाल्याकडून पांढऱ्या पाटीवर लाल एल करून आणलं, एक पुढं लावलं, एक मागं. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी साडी नाही, साधीच नेसून, हेल्मेट घालून, चाबी लावली. म्हणलं आर्णीपर्यंत जाऊन येऊ, जयंतीच्या आधी हात बसून जाईन. विमलताई ओट्यावर, सामनेवाले किसनराव दारात, सारे पाहून राह्यले. मी बटन दाबलं, गाडी सुरू झाली, अन् तवा मले तो प्रश्न आठवला. संगतीनं पक्क्या लायसनचा माणूस पाह्यजे. मी चाबी काढली. किसनराव म्हणे काय झालं, पेट्रोल नाही काय? मी म्हणलं माणूस नाही.

मंग मी लायसनवाला माणूस शोधायले निघाली, पायी. तुये भाऊजी तं नापास. किसनरावले विचारलं, ते ट्रॅक्टर चालवतात, तं म्हणे ट्रॅक्टरले कायले लायसन, ते तं वावरात चालते (आमचं वावर यवतमाळच्या बाजारापर्यंत आहे असं दिसते). गुरुजीपाशी लायसन आहे पण ते कवाचंच संपलेलं, फोटूत त्याईच्या डोक्यावर केसं आहेत. तांड्यावरच्या भावसिंगपाशी अस्सल आहे, तो काळी-पिवळी जीप चालवते. मी त्याले विचारलं. तो म्हणे, वहिनी, मी तुमच्या मागं बसलो तं माया जीपमधले माणसं कोण नेईन, ते तुमच्या संगतीनं येतीन काय? त्याचंही बरोबर. अशी साऱ्या गावात फिरली. घरोघर गाडी उभी, सारेच चालवतात, लहान पोट्ट्यापासून म्हाताऱ्यापर्यंत, अन् भावसिंग सोडला तं लायसन कोणापाशीच नाही. अन् जिच्यापाशी आहे ती एकटी पायी फिरून राह्यली. हे पाहून तुये भाऊजी रुसव्यातही उलीसे हसले, मी पाह्यलं.

पक्कं लायसन एक महिना झाल्याशिवाय देत नाहीत. तोवर जयंती होऊन जाते. म्हणजे इतली मेहनत, पुस्तक, परीक्षा, जळलेल्या भाकरी, सारं करून मी पुन्हा त्याच ओट्यावर पिशवी घेऊन बसणार. काल मी एकटीच बसली होती तवा मले रडू आलं, खरं सांगतो. मंग म्हणलं रडून काय होते, रीत आहे तशी चालू राहू दे. त्यामुळं दरसालीसारखा तूच मले न्यायले ये. बारा तारखेलेच ये, एक दिवस आधी, म्हणजे मालकानं अडवायले जागा राहणार नाही. मायले सांगजो की पोरगी येऊन राह्यली. भावजयीले नमस्कार, लहानाईले पापे. तुये भाऊजी जयभीम म्हणतात (म्हणले नाही, पण मान हालवली). बाकी सारं ठीक. 

तुयी,
तुळसाताई

ता. क. येताना मोटारसायकल घेऊन येऊ नको. एसटीनं ये. आर्णीच्या स्टँडवरून गावापर्यंत भावसिंगच्या जीपनं ये, त्याले मी सांगून ठेवलं आहे.

ता. क. पुन्हा. संगतीनं हेल्मेट घेऊन ये, मायापाशी एकच आहे. मागं बसणाऱ्यालेही लागते, पुस्तकात आहे.

अखीन एक. आता तुले समजलं असन, अन् हे वाचून तू बसच्या पायरीवर बसला असशीन, तं पाणी पिऊन पुढचं वाच. साऱ्या नात्यात अस्सल पक्कं लायसन तुयापाशीच आहे. बहिणीले न्यायले येणारा भाऊ गाडीवर पुढंच बसला पाह्यजे, असं मी कुठंच वाचलं नाही, अन् मी सारं वाचलं आहे. मले माहीत आहे तू दुसऱ्याच्या गाडीत बसला की पायानं ब्रेक दाबतं. एसटीत बसून तू मागच्या सीटवरून ब्रेक दाबला होता अन् समोरच्या बाईच्या टोपल्यातली वांगी सांडली होती, ते मी विसरली नाही. स्कूटीवर पाय ठेवायची जागा आहे, तिथंच ठेवजो. माया खांद्यावर हात ठेवला तं चालन, पण दाबजो नाही. अन् कळंबच्या वळणावर ‘ताई, ताई’ म्हणू नको, ते वळण मले दिसते.

पुन्हा एक, महत्त्वाचं. पत्र ठेवायच्या आधी खिशातून लायसन काढून पाय. त्यावर बसचंच आहे का मोटारसायकलचंही आहे, अन् तारीख संपली तं नाही. मोटारसायकलचं नसन, तं इतले साल तू मले कशावर घेऊन येत होता, हे मी मायसमोर विचारीन. संपलं असन तं लगेच फोन करजो, फोनवर काच पुसू नको, मी शिबिरात तुया भाऊजींच्या बाजूले तुया नंबर लावून देतो. भाऊजी पिशवी घेऊन एसटीनं मागून येतीन म्हणतात. त्याईनं पुस्तक वाचायले घेतलं आहे, पण मायासमोर नाही वाचत.

आता शेवटचं. तेरा तारखेले संध्याकाळच्या आधी मायले ओट्यावर खुर्ची टाकून बसवायले भावजयीले सांगून ठेव, रस्त्याकडं तोंड करून. आयुष्यभर तिनं मले कोणाच्या तरी मागं बसून घरी येताना पाह्यलं आहे. एकदा पुढं बसलेली पाहू दे. अन् गावात शिरल्यावर तू मागून लोकाईले हात दाखवू नको, माया तोल जाते.